सरांची मंडळी आणि माझी मोरी

जंतूसर आमच्या घरात आले की पहिला नमस्कार मला नाही, मोरीला. उंबरा ओलांडला की डाव्या हाताला आमची मोरी आहे. तिथं कमरेत वाकायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि नाकानं एक लांबलचक श्वास ओढायचा. घरात पाहुणे बसलेत का, कुणी हसतंय का, त्याची शुद्ध नाही. तो श्वास आत जिरला की मग ताठ व्हायचं आणि निकाल द्यायचा.

“सुमनताई, परत फिनेल.”

“शुक्रवार हाय सर. मोरी धुतली. घाण ठिवू का तशीच?”

“घाण नव्हती ती. मंडळी होती. मारलीत तुम्ही सगळी.”

आमचे थोरले जावई लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले होते तेव्हा त्यांनी हे ऐकलं. पुरणपोळीचा घास हातात तसाच राहिला आणि ते माझ्याकडं असे बघायला लागले की सासूबाईंच्या हातून खरंच काहीतरी घडलंय. पुढं वर्षभर ते आमच्या घरी जरा जपूनच वागत. मला तेही बरंच वाटलं म्हणा.

मी वरकुट्याची. माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवालीला गावातलं सगळं कळतं, कारण दळण होईस्तोवर बायकांना दुसरं काम नसतं. तर सरांचं खरं नाव विश्वनाथ. बारामतीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन गावी आले, आमच्या शेजारी, मधे नुसता एक बांध. तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि माघारी ‘जंतूसर’. एक दिवस त्यांच्या कानावर ते गेलंच. मला वाटलं, आता भांडण. सर चिडले खरे, पण भलत्याच गोष्टीवर. म्हणाले, मला काय म्हणायचं ते म्हणा, त्यांना जंतू म्हणू नका. मंडळी म्हणा. ती आहेत म्हणून आपण आहोत.

सरांच्या भावांनी वाटणीत त्यांना कालव्याखालचं रान दिलं होतं. का दिलं, ते उघड होतं. कालव्याचं पाणी बारा महिने पाझरून त्या तुकड्यात साचायचं. ऊस लावला की बुडखे कुजायचे, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटायचं. गावानं ते रान कधीच सोडून दिलं होतं. सर नोकरीत असताना दर सुट्टीत येऊन त्याला चर काढायचे, पाणी काही हटायचं नाही. शेवटी मालतीवहिनी, म्हणजे सरांच्या बायको, बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, याला काय सुकवत बसलाय? हे तर आयतं खाचर आहे.”

वहिनी मावळातल्या. भाताच्या खाचरात वाढलेल्या. आमच्याकडं डाळिंब, ऊस, भाजीपाला, आणि भात येतो तो दुकानातल्या पोत्यातून. बारामतीकडच्या उन्हात भात लावायचा म्हटल्यावर पारावर हसून हसून लोक खोकले. पण वहिनींनी बांध घातले, चिखल केला, रोपं टाकली आणि आम्हा चार-पाच बायकांना चिखलात उतरवून लावणी शिकवली. माझं कंबरडं मोडलं. पण त्या वर्षी भात आला, चांगला गुडघ्याच्या वर आला, आणि पारावरचं हसणं बंद झालं.

वहिनींचे हात आणि सरांचं तोंड, अशी ती शेती होती. गिरणीत पोत्यावर बसून सर मला समजावून सांगत. भाताच्या पाण्यावर जी हिरवी साय धरते ना, ती मंडळी हवेतला नत्र धरून आणतात. हवेत तो ढिगानं आहे, पण पिकाला तसा खाता येत नाही. मग चिखलातली दुसरी मंडळी तो रांधतात. मुळाजवळची तिसरी त्याचं रूप बदलून वाढतात. आणि अगदी तळाला, काळ्या चिखलात, जिथं वारा पोचत नाही, तिथं चौथी मंडळी राहतात. ती उरलंसुरलं परत हवेत सोडून देतात.

मी म्हटलं, म्हणजे पहिल्यांनी आणायचं आणि शेवटल्यांनी उधळायचं? चोरच की ती.

“चोर नाहीत,” सर म्हणाले. “परत करणारी आहेत. ती नसती तर हे सगळं कधीच थांबलं असतं.”

मला ते पटलं नाही. चौथ्या मंडळींवर माझा आजही जरा रागच आहे.

त्या खाचरात चप्पल घालून कुणी पाय टाकायचा नाही. साबणानं पाय धुऊन आलेला माणूस आधी परत पाठवायचा. युरियाचं नाव काढायचं नाही. खताच्या दुकानावरून जायची वेळ आली तर सर रस्त्याच्या दुसऱ्या अंगानं जात. युरियाला ते ‘आयतं’ म्हणायचे. आयतं मिळालं की आणणारी मंडळी काम टाकतात, आणि वर टाकलेलं निम्मं हवेत उडून जातं, असं त्यांचं म्हणणं. सगळं गाव पोतीच्या पोती रिकामी करत होतं आणि हा एकटा माणूस पाण्यावरची शेवाळ हातानं इकडून तिकडं सारत बसायचा. दुपार टळली तरी घरी येण्याचं नाव नाही. मग वहिनी बांधावरून हाक मारत, “जेवली का तुमची मंडळी? मग आता तुम्ही या.”

वहिनींचीही एक मंडळी होती. ती दह्यात राहायची. लग्न होऊन येताना त्यांनी आईकडचं विरजण चिनीमातीच्या छोट्या सटात घालून आणलं होतं, मांडीवर धरून, एसटीच्या धक्क्यांतून. तेव्हापासून रोज रात्री तेच विरजण पुढच्या दुधाला. बारामतीच्या भाड्याच्या खोल्या बदलल्या, पोरगा मोठा होऊन परदेशी गेला, दही मोडलं नाही. माझं दही कायम पाणचट लागायचं. वहिनींनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाटीत विरजण घेऊन आल्या. तेव्हापासून आमच्या घरी वहिनींचंच दही. सुरीनं कापावं असं.

दुपारी आल्या, कारण दिवेलागण झाली की विरजण घराबाहेर द्यायचं नसतं. माझ्या सासूबाईंची ती शिकवण आणि वहिनींच्या आईचीही तीच. सरांना यावर भारी हसू यायचं. मंडळींना दिवस काय नि दिवेलागण काय, म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, तुमच्या पुस्तकात नसेल, आमच्या घरात आहे. आणि विषय संपायचा.

दिवाळीनंतर नवा तांदूळ निघाला की वहिनी पहिला भात शिजवत, त्यात ते दही कालवत आणि पहिला घास खाचरात जिथून पाणी शिरतं तिथं नेऊन ठेवत. त्यांच्या माहेरची रीत. सर हात जोडून शेजारी उभे असत. देवळात कधी न जाणारा माणूस तिथं मात्र डोळे मिटायचा. “आधी त्यांनी, मग आपण,” असं म्हणायचा.

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग सरांना वास यायला लागला.

मागच्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला. एका सकाळी सर आले, मोरीशी वाकले, पण निकाल दिला नाही. परत वाकले. मग परसात गेले, गोठ्यात गेले, म्हशीच्या मागं जाऊन उभे राहिले. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाले, अमोनिया येतोय कुठून तरी. मी म्हटलं, त्यो कोन? तर म्हणाले, युरिया कुजला की सुटतो तो. स्टँडवरच्या मुतारीत येतो तसा. रात्री खोलीत येतो, पहाटे जास्त येतो, आणि तो तुमच्याकडूनच येतोय.

आता मला सांगा, शेजारणीला असं म्हणायचं असतं का?

पुढचे काही दिवस गावाला फुकटचा तमाशा झाला. सरांनी आळीतली एक मोरी सोडली नाही. लोक चहा पीत बसलेत आणि हे त्यांच्या घरात शिरून वाकतायत. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरं त्यांच्या मागं रांगेनं वाकून चालायची. सरांनी स्वतःच्या मोरीची फरशी उचकटली, नळी बदलली, बादल्या फेकून दिल्या, अंथरुणं उन्हात घातली. वहिनी पायरीवर बसून हे बघायच्या आणि हसायच्या. त्यांचे पाय तेव्हा सुजलेले असत. वयाचं आहे, म्हणायच्या. जेवणाची वासना गेलीय, तेही वयाचंच.

सगळ्या मोऱ्या हुंगून झाल्यावर सरांचं बोट फिरून माझ्याच गोठ्यावर आलं. सगळ्यांसमोर म्हणाले, सुमनताई, तुमच्या म्हशींमुळं हिला झोप नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, म्हशी हायत त्या सर, अत्तर गाळत न्हाईत. जमत नसंल तर ऱ्हावा बारामतीला जाऊन. ते गेले, आणि आमच्या बाजूच्या खिडकीला त्यांनी ओलं गोणपाट लावलं. मी बोलणं टाकलं. वहिनी तेवढ्या बांधावरून हात हलवायच्या.

पाऊस सुरू व्हायच्या आधी वहिनी दळण घेऊन आल्या होत्या. डबा ठेवला आणि मला काही सांगायला म्हणून जवळ आल्या, बोलायच्या आधीच भिंतीला टेकून खाली बसल्या. बसल्या त्या उठेनात. आम्ही त्यांना जीप करून बारामतीला नेलं. पुढचं सरांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर माझ्या दारात उभे. मोरीकडं बघितलंसुद्धा नाही. कपडे कालचेच.

“सुमनताई, तुमची मोरी नव्हती.”

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

“तिच्या श्वासाला येत होता. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत तिची. रक्तात युरिया साचलाय. माझ्या उशाशी होता तो वास, आणि मी उठून खिडकी बंद करत होतो.”

एवढं बोलून ते गेले. जन्मभर ज्याच्यावर तोंडसुख घेतलं ते त्यांच्या घरात शिरून बसलं होतं, आणि त्या नाकाला ते कळलंही होतं. पत्ता तेवढा चुकला. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडले.

मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा बारामती. सकाळच्या गाडीनं जायचं, तिन्हीसांजेला यायचं, वहिनींचा चेहरा पिळून काढलेल्या फडक्यासारखा. सर तिथल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावत. यंत्राला लागणारं पाणी बघत, नळ्या बघत. एकदा मला म्हणाले, तो डॉक्टर हुशार आहे, पण त्याच्याकडं यंत्र आहे, मंडळी नाहीत. माझ्या खाचरात टाकला तर हाच युरिया माझी मंडळी बघता बघता फस्त करतील. रक्तात त्यांना घालता येत नाही, घातली तर ती हिलाच खातील. हे सगळं ते गिरणीचा पट्टा बघत बोलत होते.

डॉक्टरांनी पाणी बेतानं प्यायला सांगितलं, सरांनी त्याहून कमी केलं. डॉक्टरांनी दही अगदी थोडं म्हटलं, सरांनी बंद केलं. वहिनी रोज विरजण लावायच्या, ते मोडायचं नाही म्हणून, आणि ते दही आमच्या घरी यायचं. स्वतःच्या हातचं दही त्या बाईला चाटताही येत नव्हतं. मी एकदा पदराखाली वाटी लपवून नेली, दहीभाताचे दोन घास. सरांनी दारातच अडवली. माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि कोंबड्यांपुढं ओतली. आतून वहिनी म्हणाल्या, “मंडळींना खाचरभर पाणी, आणि मला मोजून वाटीभर. पुढच्या जन्मी तुमच्या चिखलातच येते.” सर हसले नाहीत.

त्या वर्षी लावणी आम्ही बायकांनी केली. वहिनी बांधावर खुर्चीत बसून रोपं किती जवळ लावतोय ते सांगत होत्या.

गणपती उठले आणि तीन-चार दिवसांत वहिनी गेल्या. आदल्या संध्याकाळी मी तिथंच होते. ताप होता. त्या म्हणाल्या, आज एक घास दहीभात द्या हो, जीभ कडू झालीय. सर त्यांचे पाय दाबत होते. म्हणाले, परवा बारामतीला जाऊन आलो की देतो. नक्की देतो. वहिनी ‘बरं’ म्हणाल्या. पहाटे सरांनी मला हाक मारली तेव्हा सगळं आटपलं होतं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. पोरगा आला, रडला, वडिलांना बरोबर चला म्हणाला. सर म्हणाले, खाचराचं पाणी कोण बघेल? पोरगा गेला, पाहुणे गेले.

त्यानंतर दोनच दिवसांनी गिरणीत बातमी आली की सरांनी युरिया नेला. मी आणणारीला वेड्यात काढलं. मग दुसरी बाई आली, तिनंही तेच सांगितलं. सर खताच्या दुकानात गेले, पोतं मागितलं. दुकानदाराला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. सरांनी पोतं सायकलवर आडवं टाकलं आणि ढकलत नेलं. पारावरचे लोक म्हणे उठून उभे राहिले.

मी गिरणी बंद केली आणि पळत बांधावर गेले. सर खाचरात मधोमध उभे होते, पोतं खांद्यावर, आणि मुठीमुठीनं युरिया फेकत होते. पेरतात तसा नव्हे. दगड मारावा तसा. भात पोटरीत आलेला, लोंब्या आता फुटणार, इतका सुंदर, आणि त्यावर ते पांढरे दाणे गारांसारखे पडत होते. मी ओरडले, सर, काय करताय ह्ये? त्यांनी वळून बघितलं.

“खाऊ दे,” ते म्हणाले. “एवढं पोतं यांना चार दिवस पुरणार नाही, सुमनताई. आणि तिच्या अंगात मूठभर होता.”

त्यांनी मूठ वर करून मला दाखवली.

“एवढा. मूठभर.”

मी चपलेसकट चिखलात उतरले. त्यांच्या खांद्यावरचं पोतं काढून घेतलं, दंडाला धरलं आणि ओढत बाहेर आणलं. माझ्या पायातल्या चपला त्यांनी बघितल्यासुद्धा नाहीत. त्यांच्या घरी नेऊन बसवलं, पाय धुतले. त्यांचे पाय मी धुतेय हेही त्यांना कळत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी ऊन तापलं आणि खाचरावरून वास सुटला. डोळ्यांत पाणी आणणारा. तेव्हा मला कळलं, सर आळीभर काय शोधत होते. ते बांधावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ ते नुसता श्वास घेत होते. मग म्हणाले, खाल्लं त्यांनी. सगळं खाल्लं. आणि त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं.

पीक काळंशार झालं, वेड्यासारखं वाढलं आणि वाऱ्यानं आडवं पडलं. लोंब्या आल्या त्यातल्या कितीतरी फोल निघाल्या. सर गिरणीत येत, दळण ठेवत, घेऊन जात. बोलणं कामापुरतं. घरी आले तरी मोरीला वळसा घालून सरळ ओसरीवर. नाक वर करून चालायचे, खालचं काही नाकात जाऊ नये असे. मला ते बघवेना. मी मोरीत रोज फिनेल टाकायला लागले. पाण्यात मिसळून नव्हे, नुसतं, बाटलीच्या बाटली. आमचे मालक म्हणाले, घरात दवाखाना काढलाय का? पण मी थांबले नाही. मला वाटायचं, आज तरी हा माणूस चिडेल. एकदा तरी म्हणेल, सुमनताई, मारलीत सगळी. पण सर त्या वासातून कोरड्या चेहऱ्यानं जात-येत राहिले.

दिवाळी झाली. जे काही उभं होतं ते सरांनी एकट्यानं कापलं, झोडपलं. उखळात मूठ-मूठ घालून मुसळानं कांडण्याचा आवाज दिवसभर येत होता. दुसऱ्या दिवशी वहिनींचं मासिक श्राद्ध होतं, हे मला ठाऊक होतं.

मी तुळशीपुढं दिवा लावून वळले, तर दारात सर. हातात वहिनींचा तो चिनीमातीचा सट. रिकामा.

मी म्हटलं, या. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

म्हणाले, सुतकात घरात चूल नव्हती, दूध नव्हतं, मी विसरलो. सटात बुरशी धरली होती, गेलं ते दही. ही बुरशी पण मंडळीच म्हणून मी काही दिवस ती तशीच ठेवली. मग धुऊन टाकली. डेअरीचं दही आणून लावून बघितलं. लागतं, चांगलं लागतं. पण ती वेगळी मंडळी आहेत. उद्या तिच्या दहीभाताला तिचंच पाहिजे. सकाळपासून तीनदा निघालो आणि बांधावरून परत गेलो. तुमच्याकडं तिचं आहे.

मी तुळशीतल्या दिव्याकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. आत्ता लावलं तर सकाळी दही होणार, हे काही आम्हा दोघांना सांगायला नको होतं. मी लग्न होऊन आल्यापासून या वेळेला या घरातून विरजण बाहेर गेलेलं नाही. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या तुळशीपाशी उभ्या आहेत असं मला वाटलं.

“दिवा लागला का?” सर म्हणाले. “माझ्या लक्षातच नाही आलं. तिला चाललं नसतं. राहू दे, सुमनताई.”

आणि ते वळले की हो. ज्या गोष्टीवर जन्मभर हसले, तिच्यासाठी तो माणूस रिकामा सट घेऊन घरी निघाला होता. उद्याचा तो एक घास, ज्यापायी बिचारा दोन महिने नीट जेवलाही नव्हता, तोही सोडून.

मी म्हटलं, “थांबा.”

आत गेले, शिंक्यावरचं भांडं काढलं. वरची साय बाजूला केली आणि मधलं घट्ट दही पळीनं काढलं. बाहेर येऊन त्यांच्या सटात घातलं.

“ह्ये माजं न्हाय सर. तिचंच हाय. तिचं तिच्या घरी चाललंय. ह्येला देनं म्हनत न्हाईत.”

सरांनी सट नाकाशी नेला. चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. कित्येक महिन्यांनी मी त्यांना असं करताना बघत होते.

“हो,” ते म्हणाले. “परत करणं म्हणतात.”

मग त्यांनी सटावर तळहात धरला, उंबऱ्याच्या आत आले आणि मोरीपाशी थांबले. सावकाश वाकले.

“सुमनताई, किती फिनेल ओतलंय? एक उरलं नसेल जिवंत.”

“व्हय,” मी म्हटलं. “उद्यापासनं न्हाय टाकत.”

ते बांधावरून गेले, पाय जपून टाकत. मी दार लावून घेतलं. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.